सरकारी वैज्ञानिक अहवाल कसा तपासावा: तारखा, कार्यकक्षा आणि पैशाचा माग

सरकारने नेमलेल्या समितीचा वैज्ञानिक अहवाल हाती आला की वाचकांचे सहसा दोन तट पडतात. शास्त्रज्ञांनी लिहिले म्हणजे ते बरोबरच असणार, असे एका गटाला वाटते, तर सरकारने समिती नेमली म्हणजे सरकारला हवे तेच तिने लिहिले असणार, असे दुसऱ्याला. दोन्ही समजुतींचा एकमेव फायदा असा की अहवाल उघडून वाचण्याचे कष्ट वाचतात. ज्यांना ते कष्ट टाळता येत नाहीत, म्हणजे ज्यांच्या गावावर किंवा धंद्यावर अहवालाचा परिणाम होणार आहे असे नागरिक, जिल्ह्याच्या पातळीवर काम करणारे पत्रकार, ग्रामसभेत प्रश्न विचारणारे कार्यकर्ते आणि संशोधनाच्या उंबरठ्यावर असलेले विद्यार्थी, त्यांच्यासाठी पुढील पद्धत लिहिली आहे. ती वापरायला त्या विज्ञानशाखेची पदवी लागत नाही. चिकाटी मात्र लागते.

पद्धतीमागची धारणा आधी सांगतो. गेल्या पंधरा-वीस वर्षांत भारतात गाजलेली अशी प्रकरणे पाहिली तर आकडाच खोटा लिहिल्याचे सिद्ध झालेले उदाहरण क्वचितच हाती लागते. राजकारणाचा हात बहुतेक वेळा आकड्याच्या आजूबाजूला फिरतो: शास्त्रज्ञांना नेमका कोणता प्रश्न विचारला, मोजमापाचे एकक कोणते धरले, पैसा कोणत्या शीर्षाखाली दिला आणि अहवाल लोकांसमोर केव्हा येऊ दिला. म्हणून निष्कर्षांचे प्रकरण सर्वांत शेवटी वाचावे. कोणत्याही अहवालात ते सर्वांत कमी बोलके असते, असे माझे मत आहे.

आधी तारखा लिहून काढा

कोऱ्या कागदावर पाच तारखा मांडाव्यात: समिती नेमल्याचा आदेश, तिला दिलेली मुदत, अहवाल सादर झाल्याचा दिवस, तो प्रसिद्ध झाल्याचा दिवस, आणि सरकारने तो स्वीकारल्याचा, फेटाळल्याचा किंवा दुसऱ्या समितीकडे सोपवल्याचा दिवस. यांपैकी तिसऱ्या आणि चौथ्या तारखेतील अंतर हा तपासाचा पहिला धागा.

पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गटाचे उदाहरण महाराष्ट्रातील वाचकांना जवळचे आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च 2010 मध्ये पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली हा गट नेमला आणि त्याने 31 ऑगस्ट 2011 रोजी अहवाल सादर केला. त्यानंतर तो मंत्रालयातच राहिला. केरळमधील एका नागरिकाने माहिती अधिकारात प्रत मागितली, तेव्हा देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हितसंबंधांना बाधा येईल, या स्वरूपाचे कारण देऊन ती नाकारण्यात आली. केंद्रीय माहिती आयोगाने एप्रिल 2012 मध्ये अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि 17 मे 2012 रोजी तिथेही हरले. त्याच महिन्यात अहवाल संकेतस्थळावर आला, पण मंत्रालयाने तो औपचारिकरीत्या स्वीकारलेला नाही, अशी सूचना सोबत होती. सादर होणे आणि दिसणे यांत सुमारे नऊ महिने गेले. या काळात सह्याद्रीच्या गावागावांत अहवालाविषयी जे बोलले गेले ते तो न वाचता बोलले गेले, कारण वाचायला तो उपलब्धच नव्हता. प्रसिद्धी रोखण्याचा खरा परिणाम हाच असतो. मजकूर गुप्त राहतो, अफवा मात्र मोकळी फिरते, आणि पुढे मजकूर बाहेर आला तरी तिचा पाठलाग करणे त्याला जमत नाही.

दुसरे उदाहरण आकडेवारीचे आहे. नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचा 2017-18 चा अहवाल राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाने डिसेंबर 2018 मध्ये मान्य केला होता. तो प्रसिद्ध होत नाही म्हणून आयोगाचे कार्यकारी अध्यक्ष पी. सी. मोहनन आणि सदस्य जे. व्ही. मीनाक्षी यांनी जानेवारी 2019 च्या अखेरीस राजीनामे दिले. काही दिवसांतच एका वृत्तपत्राने त्यातील 6.1 टक्के हा बेरोजगारीचा दर छापला आणि नीती आयोगाने हा मसुदा असल्याचे सांगितले. अधिकृत प्रसिद्धी झाली ती 31 मे 2019 रोजी, लोकसभेचा निकाल लागून नवे मंत्रिमंडळ शपथ घेऊन मोकळे झाल्यावर, आणि दर होता 6.1 टक्केच. आकड्याला कोणी हात लावला नाही, फक्त त्याच्या येण्याचा दिवस हलला. या प्रकरणात वाचकाने उलट बाजूनेही सावध राहायला हवे होते: जुन्या पंचवार्षिक सर्वेक्षणांपेक्षा या सर्वेक्षणाची नमुनानिवड वेगळी होती, त्यामुळे दशकांमागच्या आकड्यांशी थेट तुलना करणारे मथळे वाटतात तितके भक्कम नव्हते. उशीर हा संशयाला जागा देतो, पण दडवलेला आकडा केवळ दडवला म्हणून अधिक अचूक ठरत नाही.

तारीख उलट दिशेनेही बोलते. 2 जुलै 2020 रोजी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या महासंचालकांनी कोविड लसीच्या चाचण्या करणाऱ्या रुग्णालयांना पाठवलेल्या पत्रात 15 ऑगस्टपर्यंत लस लोकांसाठी उपलब्ध करण्याचा उद्देश नमूद होता. मानवी चाचण्यांचे टप्पे दीड महिन्यात बसत नाहीत, हे वैद्यकशास्त्राच्या विद्यार्थ्यालाही कळते. शास्त्रीय कामाची मुदत राष्ट्रीय सणाला, निवडणुकीला किंवा सरकारच्या वर्धापनदिनाला जुळवलेली दिसली, तर ती कोणी ठरवली हे विचारावे. त्या पत्रावर देशभरातून टीका झाली आणि परिषदेला खुलासा करावा लागला. लस बाजारात यायला अर्थातच पुढचे वर्ष उजाडले.

कार्यकक्षा शब्दशः वाचा

समितीच्या नेमणुकीच्या आदेशात तिची कार्यकक्षा, म्हणजे तिने कोणते काम करायचे ते, दिलेली असते आणि बहुधा ती अहवालाच्या परिशिष्टात छापलेली असते. उत्तराचा बराचसा भाग तिथेच ठरतो. कार्यकक्षेतील क्रियापदांखाली रेघ ओढावी. समितीला ‘निश्चित करा’ सांगितले आहे, ‘तपासा’ सांगितले आहे, की ‘समतोल साधा’?

गाडगीळ गटाला पश्चिम घाटाच्या परिसंस्थेची सद्यःस्थिती तपासायची होती, पर्यावरण संरक्षण कायदा, 1986 खाली संवेदनशील म्हणून घोषित करण्याजोगे प्रदेश निश्चित करायचे होते आणि पश्चिम घाटासाठी प्राधिकरण सुचवायचे होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खाणी, वीजप्रकल्प व उद्योग यांचा विचारही त्याच्याकडे नंतर सोपवला गेला. ऑगस्ट 2012 मध्ये अवकाशशास्त्रज्ञ के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय कार्यगटाचा प्रश्न निराळा होता: पहिल्या अहवालाकडे राज्य सरकारांच्या आणि इतरांच्या प्रतिक्रियांच्या प्रकाशात पाहायचे, जैवविविधता राखायची, आणि स्थानिकांच्या गरजा, विकासाच्या आकांक्षा व आर्थिक वाढ यांचाही मेळ घालायचा. दोन्ही गटांत नामवंत माणसे होती. त्यांची उत्तरे वेगळी आली, याचे पहिले कारण त्यांना विचारलेले प्रश्न वेगळे होते. ‘गाडगीळ बरोबर की कस्तुरीरंगन बरोबर’ हा महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चाललेला वाद या कारणानेच काहीसा अर्धवट वाटतो. दुसरा प्रश्न विचारण्याचा निर्णय कोणी आणि का घेतला, यावर मात्र फारसे बोलले जात नाही. तो निर्णय शास्त्रज्ञांचा नव्हता.

सदस्यांची यादीही याच वेळी पाहावी. विषयाचे अभ्यासक किती, पदसिद्ध अधिकारी किती, आणि ज्या खात्याच्या कामाचे मूल्यमापन व्हायचे आहे त्याच खात्याची माणसे त्यात आहेत का, एवढे मोजले तरी पुरते. एखाद्या सदस्याच्या हेतूवर शंका घेण्याची गरज या पायरीवर नाही आणि शक्यतो तशी घेऊही नये.

एकक बदलले की नकाशा बदलतो

ही पायरी सर्वांत किचकट आहे आणि वाचक सर्वांत जास्त तिथेच थकतात, म्हणून तिच्यावर थोडे रेंगाळतो.

गाडगीळ गटाने सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनाला गुण दिले आणि मग तालुका पातळीवर संवेदनशीलतेच्या तीन श्रेणी सुचवल्या. संपूर्ण पश्चिम घाट संवेदनशील मानून कुठे किती निर्बंध असावेत हे श्रेणीनुसार ठरावे आणि त्यात ग्रामसभांचा शब्द असावा, अशी ती मांडणी होती. कस्तुरीरंगन गटाने पश्चिम घाटाची व्याप्तीच अधिक मोठी, सुमारे 1,64,280 चौरस किलोमीटर धरली, उपग्रहचित्रांच्या आधारे वस्ती, शेती व बागायतीचा ‘सांस्कृतिक भूभाग’ वेगळा काढला आणि उरलेल्या नैसर्गिक भूभागापैकी संवेदनशील भाग गाव हे एकक धरून निश्चित केला. तो सुमारे 59,940 चौरस किलोमीटर, म्हणजे एकूण व्याप्तीच्या 37 टक्के भरला. नऊ किलोमीटरचा चौकोन गावपातळीवर निर्णय घेण्यासाठी फार ढोबळ आहे, हा आक्षेप शास्त्रीय होता आणि योग्यही होता. पण जिथे माणूस राहतो आणि कसतो तो भाग आरंभीच बाजूला काढणे ही निव्वळ मोजमापाची बाब नव्हती. त्यात निसर्ग म्हणजे काय याविषयीची एक भूमिका दडलेली होती. असा निर्णय अहवालात ‘पद्धती’ या प्रकरणात, नकाशांच्या तांत्रिक वर्णनात मिसळून येतो. तो तिथून शोधून काढणे हेच वाचकाचे काम.

यानंतर साधी वजाबाकी करावी. मार्च 2014 मध्ये निघालेल्या मसुदा अधिसूचनेत हे क्षेत्र सुमारे 56,825 चौरस किलोमीटर झाले, म्हणजे कस्तुरीरंगन गटाच्या आकड्यापेक्षा अंदाजे 3,115 ने कमी. आता राज्यवार तक्ता पाहा: महाराष्ट्राचे क्षेत्र 17,340 आणि गोव्याचे 1,461 चौरस किलोमीटर, म्हणजे आधीइतकेच आहे, तर केरळचे 13,108 वरून 9,993 वर आलेले आहे. केरळची घट आणि एकूण घट जवळजवळ तंतोतंत जुळते. सहा राज्यांपैकी एकाच राज्याचे क्षेत्र कमी झाले, हे या तक्त्यावरून कोणालाही सांगता येते. आता शेजारी तारखा ठेवा: केरळच्या डोंगराळ जिल्ह्यांत 2013 च्या नोव्हेंबरात तीव्र आंदोलने झाली होती, लोकसभा निवडणूक 5 मार्च 2014 रोजी जाहीर झाली आणि मसुदा 10 मार्चला निघाला. केरळने स्वतःची समिती नेमून गावपातळीवर फेरतपासणी केल्याचे कारण दिले होते आणि अशी फेरतपासणी मुळात चुकीची नाही. उपग्रहाला रबराची लागवड आणि जंगल यांतला फरक नेहमी कळतोच असे नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. वाचकाने निकाल देण्याची घाई करू नये, पण घट कुठे, किती आणि केव्हा झाली, हे वाक्य पुराव्यासह लिहिता आले पाहिजे.

त्यानंतर तो मसुदा अंतिम झालाच नाही. मुदत संपत गेली आणि तो पुनःपुन्हा काढावा लागला. सहावा मसुदा 31 जुलै 2024 रोजी, म्हणजे वायनाडमध्ये दरडी कोसळून शेकडो माणसे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी निघाला. निर्णय न घेणे हाही धोरणाचा एक प्रकार असतो, आणि तो ओळखण्यासाठी मसुद्यांची संख्या मोजावी लागते.

पैशाचा माग कसा काढावा

निधीचा परिणाम म्हटले की पैसे देऊन निष्कर्ष विकत घेतल्याचे चित्र डोळ्यांसमोर येते. सरकारी विज्ञानात पैशाचे काम यापेक्षा पुष्कळ शांतपणे चालते. काय शोधले जाईल आणि काय शोधलेच जाणार नाही, हे पैसा ठरवतो. जे शोधले गेले नाही त्याचा अहवालही निघत नाही, त्यामुळे हा परिणाम कुठल्याच अहवालात दिसत नाही. तो अर्थसंकल्पात पाहावा लागतो.

केंद्रीय अर्थसंकल्पाच्या खर्चाच्या खंडात प्रत्येक खात्याची अनुदानाची मागणी असते. तिथे तीन रकाने वाचायचे: चालू वर्षाचा अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि दोन वर्षांपूर्वीचा प्रत्यक्ष खर्च. वृत्तपत्रांचे मथळे पहिल्या रकान्यावर निघतात. प्रयोगशाळा चालते ती तिसऱ्यावर. एखाद्या योजनेचा अंदाज दरवर्षी मोठा आणि खर्च दरवर्षी लहान असेल, तर ती योजना घोषणेसाठी आहे की कामासाठी, हे वाचकाने ठरवावे. एकूण बेरजेवरही विसंबू नये. 2025-26 मध्ये विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची तरतूद आदल्या वर्षीच्या सुमारे आठ हजार कोटींवरून साडेअठ्ठावीस हजार कोटींवर गेलेली दिसली, पण त्यातील वीस हजार कोटी संशोधन, विकास आणि नवोन्मेष या एकाच योजनेचे होते आणि तिचा रोख खासगी क्षेत्राला दीर्घ मुदतीचे अल्पव्याजी कर्ज व भांडवल देण्यावर आहे. विद्यापीठातील भौतिकशास्त्राच्या विभागाला त्या वाढीतून नवे उपकरण मिळत नाही. वाढ खोटी नाही, फक्त ती कोणासाठी आहे हे एका ओळीखाली दडलेले आहे.

मोठे चित्र लक्षात ठेवायला दोन आकडे पुरतात. 2020-21 मध्ये भारताचा संशोधनावरील एकूण खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे 0.64 टक्के होता, आणि केंद्र सरकारच्या प्रमुख वैज्ञानिक संस्थांच्या खर्चापैकी जवळपास निम्मा वाटा संरक्षण संशोधन आणि अवकाश या दोन विभागांचाच होता. मलेरिया, माती, भूजल, दरडी हे विषय उरलेल्या वाट्यात एकमेकांशी स्पर्धा करतात. 2023 च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये जाहीर झाले, त्यांतील 36,000 कोटी उद्योग, सार्वजनिक उपक्रम, देणगीदार अशा सरकारबाहेरील स्रोतांतून यायचे आहेत. उद्योगाचा पैसा आला म्हणजे लगेच विज्ञान बिघडते असे नाही, पण तो प्रामुख्याने कोणत्या विषयांकडे वळेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. याच प्रतिष्ठानाच्या नियामक मंडळाचे पदसिद्ध अध्यक्ष पंतप्रधान आहेत. यामुळे संस्थेला वजन मिळते असे समर्थक म्हणतात, आणि संशोधनाच्या वाटपात सत्तेचा थेट प्रवेश होतो असे टीकाकार म्हणतात. पुढील काही वर्षांत मंजूर प्रकल्पांच्या याद्या वाचूनच याचे उत्तर मिळेल.

योजनेचे प्रस्ताव मागवणारे जाहीर निवेदन मिळाले तर ते जरूर वाचावे. त्यात प्रश्न मोकळा ठेवला आहे की उत्तर आधीच गृहीत धरले आहे, हे भाषेवरूनच कळते. 2020 च्या फेब्रुवारीत देशी गाईपासून मिळणाऱ्या पदार्थांवरील संशोधनासाठी अनेक केंद्रीय खात्यांनी मिळून प्रस्ताव मागवले तेव्हा पाचशेहून अधिक शास्त्रज्ञांनी ते निवेदन मागे घ्यावे असे पत्र लिहिले. गाईवर संशोधन होऊ नये, असा त्यांचा आग्रह नव्हता. त्या पदार्थांचे अद्वितीय गुण निवेदनानेच मान्य करून टाकले होते, हा त्यांचा आक्षेप होता.

यातच आणखी एक प्रश्न येतो: ज्या मोजणीवर निर्णय होणार ती मोजणी कोणी केली? जनुकीय बदल केलेल्या पिकांच्या बाबतीत सुरक्षिततेच्या चाचण्यांची माहिती परवानगी मागणाऱ्यानेच सादर करायची, अशी आपली व्यवस्था आहे. अशाच एका पिकाची, बीटी वांग्याची, अर्जदार होती जालन्याची बियाणे कंपनी महिको, आणि तिने सादर केलेली जैवसुरक्षेची माहिती लोकांपुढे यायला माहिती अधिकाराची लांबलचक लढाई लागली. कंपनीने केलेली मोजणी खोटी असते, असे कोणी समजू नये. ती दुसऱ्या कोणी करून पाहिली का, आणि नसेल तर कोणाच्या पैशाने ती करता आली असती, एवढे विचारावे. सरकारी प्रयोगशाळांना स्वतःच्या खर्चाचा मोठा वाटा बाहेरून कमावण्यास सांगितले जाऊ लागले, की असे स्वतंत्र काम करणारी जागाच हळूहळू आटते.

भिन्नमत आणि उसनी वाक्ये

समितीतील सर्वांनी एकमताने सही केली असेल तर परिशिष्टात भिन्नमताची टीप नाही हे नोंदवून पुढे जावे. असेल तर ती मुख्य अहवालाइतक्याच लक्षपूर्वक वाचावी. जनुकीय पिकांसंबंधी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तांत्रिक तज्ज्ञ समितीत पाच सदस्य एका बाजूला गेले आणि कृषिशास्त्रज्ञ आर. एस. परोदा यांनी वेगळा अहवाल दिला. शास्त्रज्ञांचे नेमके कशावर जमले नाही, हे असे दोन मजकूर शेजारी ठेवल्यावर जितके कळते तितके एकमताच्या गुळगुळीत अहवालातून कधीच कळत नाही.

अहवालातील एखादे विलक्षण सफाईदार वाक्य उचलून इतरत्र शोधून पाहण्याची सवय लावावी. 2010 मध्ये देशातील सहा विज्ञान अकादमींनी मिळून जनुकीय पिकांवर दिलेल्या अहवालातील काही ओळी एका सरकारी नियतकालिकातील लेखातून जशाच्या तशा आल्याचे उघड झाले, आणि तो लेख बीटी पिकांच्या संशोधनात स्वतः गुंतलेल्या शास्त्रज्ञाचा होता. पुढे सुधारित आवृत्ती निघाली. या प्रकरणात दबाव टाकल्याचा पुरावा नव्हता. घाई आणि आळस पुरेसे होते. राजकारणाला नको ते श्रेय देऊ नये, हेही यातून दिसते.

माहिती अधिकाराचा अर्ज

एवढे करूनही कोडे सुटले नाही तर अर्ज करावा. केंद्रीय खात्यासाठी तो ऑनलाइन करता येतो आणि शुल्क दहा रुपये आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयासाठीही शुल्क तेवढेच आहे, पण राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय असावा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत बसावा. ‘अहवाल का दडवला’ असा प्रश्न लिहू नये, कारण अभिलेखात नसलेले कारण देण्यास जन माहिती अधिकारी बांधील नसतो. कागद मागावेत: समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, अहवाल सादर करतानाचे पत्र, त्यावर खात्यात झालेल्या टिपण्या, राज्य सरकारांकडून आलेल्या लेखी प्रतिक्रिया, आणि मसुद्याच्या आधीच्या आवृत्त्या. अर्जात कागदांची नावे जितकी नेमकी, तितके नकाराचे कारण शोधणे कठीण.

तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा ते अपुरे वाटल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर नव्वद दिवसांत आयोगाकडे दुसरे अपील करता येते. नकारात बहुधा माहिती नाकारण्याची कारणे सांगणाऱ्या कलम 8 चा आधार दिलेला असतो. त्यातील नेमके कोणते उपकलम लावले आहे ते पाहावे आणि कलम 10 नुसार वगळण्याजोगा भाग काढून उरलेला देता येतो, याची आठवण अपिलात करून द्यावी. धोरण ठरवताना त्यामागची महत्त्वाची तथ्ये सरकारने स्वतःहून प्रसिद्ध करायची असतात, असे कलम 4 सांगते. गाडगीळ अहवालाचे प्रकरण अशा अपिलात उद्धृत करण्याजोगे आहे, कारण अंतिम न झालेला अहवालही जनतेचाच आहे, हे तत्त्व तिथे लढून मिळाले.

निर्णय राजकीय असणे हा दोष नव्हे

तपास करताना एक भेद सुटू देऊ नये. विज्ञान काय सांगते, ते सांगणे शास्त्रज्ञांचे काम. त्यावर काय करायचे, ते ठरवणे निवडून आलेल्यांचे. ऑक्टोबर 2009 मध्ये तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला हिरवा कंदील दाखवला आणि तरीही पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेऊन 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यावर स्थगिती दिली. निर्णय पूर्णपणे राजकीय होता. तो पटणारे आणि न पटणारे दोघेही आजही आहेत, पण मंत्र्यांनी आपली कारणे सविस्तर लेखी दिली, समितीचा अहवाल बदलून घेतला नाही आणि जबाबदारी तिच्यावर ढकललीही नाही. आक्षेप तेव्हा घ्यावा, जेव्हा राजकीय निर्णय शास्त्रज्ञांच्या तोंडून वदवला जातो, किंवा शास्त्रज्ञांचे म्हणणे निर्णय होईपर्यंत बंद पाकिटात ठेवले जाते. आपल्या टिपणात हे दोन प्रकार वेगळ्या रकान्यांत लिहावेत. हीच कसोटी सरकारविरोधी संस्थांच्या अहवालांनाही लावावी. त्यांनाही कोणीतरी पैसा दिलेला असतो आणि त्यांचीही प्रसिद्धीची तारीख निवडलेली असते.

प्रत आजच उतरवून घ्या

जानेवारी 2023 मध्ये उत्तराखंडमधील जोशीमठ खचत असताना इस्रोच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने उपग्रहचित्रांवरून तेथील जमीन 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या बारा दिवसांत 5.4 सेंटिमीटर खाली गेल्याची प्राथमिक नोंद प्रसिद्ध केली. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने वैज्ञानिक संस्थांना परवानगीशिवाय माध्यमांशी बोलू नये व माहिती प्रसृत करू नये असे कळवले, आणि ती नोंद संकेतस्थळावरून दिसेनाशी झाली. विविध संस्थांचे सविस्तर अहवाल उच्च न्यायालयाने विचारणा केल्यावर सप्टेंबरमध्ये बाहेर आले. ज्यांनी जानेवारीतच प्रत उतरवून ठेवली होती त्यांना मधल्या आठ महिन्यांत कोणाच्या खुलाशाची वाट पाहावी लागली नाही.

म्हणून सरकारी संकेतस्थळावरील कागद पाहताक्षणी उतरवून घ्यावा, फाइलच्या नावात उतरवल्याची तारीख घालावी आणि पानाचा पत्ता दिसेल असे पडदाचित्र (स्क्रीनशॉट) सोबत ठेवावे. मसुदा अधिसूचना असेल तर राजपत्रातील प्रत घ्यावी. हरकती आणि सूचना पाठवण्यासाठी साठ दिवसांची मुदत त्या राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या दिवसापासून मोजली जाते. हरकतीत गावाचे नाव, गट क्रमांक आणि अहवालातील ज्या तक्त्यावर आक्षेप आहे त्याचा क्रमांक लिहावा आणि पोच घेतल्याशिवाय ती पाठवू नये.